गुजरीतील चांदीकाम आणि वाकीचा ‘वाक’

आजीची चांदीची वाकी, म्हणजे दंडात घालायचा दागिना, दुरुस्त करून घेण्यासाठी गेल्या महिन्यात मी कोल्हापुरात महाद्वार रोडलगतच्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, गेले होते. तिथल्या एका जुन्या, जेमतेम चार माणसे बसतील एवढ्या दुकानात जे काम झाले, ते इतके समजून-उमजून केलेले होते की त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

त्याआधी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी “दंडाला सैल होते, जरा वाकवून द्या” एवढेच सांगितले होते. तिथल्या कारागिराने वाकी थंडच पकडीत धरली आणि मधला बाक आणखी दाबला. सैलपणा तसाच राहिला आणि बाकाच्या टोकाशी केसाएवढी चीर मात्र पडली. त्यात माझ्या शब्दाचाही दोष होता, हे मला गुजरीत कळले. वाकी हातात घेताच तिथल्या वयस्कर कारागिरांनी पहिला प्रश्न विचारला, “वैनी, घेर कमी करायचा हाय, का वाक खोल करायचा?”

घेर म्हणजे दंडाभोवतीचे वळण आणि वाक म्हणजे मधोमध उतरणारा तो कोनासारखा झुकाव, ज्यावरून दागिन्याला नाव मिळाले. संस्कृत ‘वक्र’, प्राकृत ‘वंक’ आणि त्यातून आपले वाकणे, वाकडा, वाकी. आजीच्या जुन्या पावतीवर ‘वांकी’ असे अनुस्वारासह लिहिले आहे. १९६२ च्या लेखननियमांनंतर तो अनुच्चारित अनुस्वार गेला. वाकण्यात सरळपणा मोडतो, वळण्यात दिशा बदलते, लवणारी वस्तू सोडली की पूर्ववत होते, आणि मुरडण्यात कड आत घेतली जाते, जशी आपण करंजीची घेतो. गौरींना निरोप देताना मुरडीचा कानवला करतात, तो त्यांनी मुरडून पुन्हा यावे म्हणून. तिथे तर एकाच शब्दात कड दुमडणे आणि माघारी फिरणे हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. सराफाच्या पेढीवर मात्र हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले, तर दागिना बिघडतो.

काम माझ्यासमोरच झाले. थंड चांदी पुन्हापुन्हा वाकवली की ती कडक होत जाते आणि अखेर तडकते, म्हणून वाकी आधी मंद लालसर होईपर्यंत तापवली व पाण्यात बुडवून मऊ केली. मग लाकडी ठोकळ्यावर चढवून, लाकडी हातोडीने दोन्ही बाजूंनी थोडे थोडे ठोकत घेर आवळला. हा सगळा वेळ कारागिरांचा डावा अंगठा वाकावर ठेवलेला होता, म्हणजे तिथला झुकाव हलू नये. शेवटी चिरेला झाळ देऊन, म्हणजे डाक लावून ती सांधून, वाकी रिठ्याच्या पाण्यात घासली. चीर कुठे होती, हे आता मला बोटानेही सापडत नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण नीट तापवलेली चांदी न मोडता वाकते, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिले.

मजुरी ७५० रुपये घेतली. कामाआधी आणि कामानंतर वजन माझ्यासमोर करून दोन्ही आकडे पावतीवर लिहून दिले, ही पद्धत मला फार आवडली. उणिवाही सांगायला हव्यात. दुपारी चारची वेळ दिलेली असताना काम साडेसहाला हातात आले, दुकानात बसायला एकच बाकडे आहे, आणि गल्ली अरुंद असल्याने वाहन दूर लावून चालतच यावे लागते. अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असेल त्या दिवशी तर जाऊच नये. नवे, हलके, साच्यातले दागिने हवे असतील, तर तिथे फारशी निवड नाही.

घरातील जुन्या वाक्या, तोडे किंवा गोठ दुरुस्तीला नेणार असाल, तर सैल कुठे होते, हे दागिना अंगावर घालून बोटाने दाखवा. माझ्या पावतीवर त्यांनी ‘दुरुस्ती’ न लिहिता ‘वाकी १, घेर कमी, वाक आहे तसा’ असे लिहिले आहे. ती पावती मी आजीच्या पावतीला टाचून ठेवली आहे.