10,000 फॉलोअर आणि 31 ऑर्डरी: समाजमाध्यमे सांभाळणाऱ्या एका एजन्सीच्या सेवेचे परीक्षण

देवगड तालुक्यात आमच्या कुटुंबाची हापूसची अडीचशेच्या आसपास कलमे आहेत. 2020 पर्यंत आमचा बहुतेक माल वाशीच्या बाजारात दलालाकडे जात असे आणि पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, हाती पडेपर्यंत पेटीला काय भाव मिळाला याचा आम्हाला पत्ता नसे. त्या वर्षीच्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांनी थेट बागायतदारांकडून आंबा मागवायला सुरुवात केली, तेव्हा आमच्याही दारात टेम्पो उभा राहिला आणि वहिनींच्या फोनवर व्हॉट्सॲपचे संदेश येऊ लागले. पुढे त्याच ओघात आम्ही इन्स्टाग्रामवर खाते उघडले. दोन हंगामांत 640 फॉलोअर झाले, त्यांतले निम्मे आमचे गिऱ्हाईक आणि उरलेले गिऱ्हाइकांचे नातेवाईक. हा वेग कमी वाटल्यामुळे आम्ही शहरातल्या एका एजन्सीशी डिसेंबर ते मे असा सहा महिन्यांचा करार केला. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. एजन्सीचे नाव मी लिहीत नाही, कारण याच धर्तीची सेवा देणाऱ्या अनेक संस्था आहेत आणि माझे म्हणणे कामाच्या पद्धतीविषयी आहे.

दर महिना 18,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 21,240 रुपये. त्या बदल्यात महिन्याला बारा पोस्ट, चार रील, रोज एक स्टोरी, कमेंटना उत्तरे आणि महिनाअखेरीस अहवाल. जाहिरातीचा खर्च वेगळा. करारात एक वाक्य ठळक अक्षरांत होते: सहा महिन्यांत दहा हजार फॉलोअर. आम्ही सही केली ती त्याच वाक्यावर बोट ठेवून, आणि पुढचा बराचसा गोंधळ त्याच वाक्यातून निघाला.

आधी चांगले सांगतो, कारण चांगलेही बरेच आहे. जानेवारीत त्यांचा छायाचित्रकार दोन दिवस बागेत राहिला. मोहोर फुटलेली कलमे, पहाटेचे दव, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, फळ उतरवताना गड्याचा ताणलेला हात (हे त्याने मार्चमध्ये पुन्हा येऊन टिपले) अशी शंभरावर छायाचित्रे त्याने दिली आणि ती आम्ही आजही वापरतो. दुसरे काम त्यांनी केले ते व्हॉट्सॲप बिझनेसच्या मांडणीचे. हे ॲप 2018 पासून फुकट उपलब्ध आहे आणि आमच्या फोनमध्येही होते, पण त्याचे निम्मे उपयोग आम्हाला ठाऊक नव्हते. त्यांनी कॅटलॉगमध्ये चार डझन, पाच डझन आणि सहा डझनांच्या पेट्या फळाच्या वजनानुसार लावल्या, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरे भरली आणि ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे आले’, ‘गाडीत चढवले’ अशी लेबले करून दिली. एकच संदेश अनेकांना पाठवण्याच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी 256 माणसेच बसतात आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो, ही गोष्ट त्यांच्याच एका मुलीने आम्हाला समजावून सांगितली. त्यानंतर आम्ही प्रत्येक पेटीत ‘हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा, पहिल्या तोडीची खबर मिळेल’ अशी चिठ्ठी टाकू लागलो. चिठ्ठीचा खर्च काही पैशांचा आहे आणि सहा महिन्यांच्या सगळ्या सेवेत सर्वाधिक फळ दिले ते तिने.

आता मुख्य कामाकडे, म्हणजे फॉलोअर वाढवणे आणि त्यांना बोलते ठेवणे याकडे वळतो.

डिसेंबरात आमच्या खात्यावर काय टाकायचे, असा एजन्सीपुढे खरा प्रश्न होता. बागायतदाराच्या दृष्टीने तो महिना भरगच्च असतो: पालवी येते की मोहोर, थंडी टिकते की नाही, तुडतुडा ही कीड दिसते का, फवारणी कधी घ्यायची, यावर घरात दिवसभर बोलणे चालते. यातले काहीही त्यांच्या महिन्याच्या वेळापत्रकात नव्हते. तिथे होती ती सणांची शुभेच्छापत्रे, आंब्यावरच्या कोट्या आणि कोपऱ्यात आमचे बोधचिन्ह. महिला दिनाला गुलाबी पार्श्वभूमीवर आंबा आला. एका पोस्टवर विकतच्या संग्रहातले छायाचित्र होते, त्यातल्या फळाचा गाल लालभडक होता. डोंबिवलीच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंनी खाली लिहिले, “हा कुठला आंबा? हापूस असा लाल कधीपासून व्हायला लागला?” या कमेंटला एजन्सीने बदामाचे (हृदयाचे) चिन्ह दिले आणि लिहिले, “धन्यवाद! असेच प्रेम राहू द्या.”

तरीही फॉलोअर वाढत होते. फेब्रुवारीत त्यांनी स्पर्धा लावली: खात्याला फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा आणि एक पेटी जिंका. आठ दिवसांत आकडा चार हजारांनी चढला आणि घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले. एप्रिलच्या सुरुवातीला 11,400 झाले. मग एका रात्री हिशेब घेऊन बसलो आणि इनसाइट्स उघडल्या. व्यावसायिक खात्याला इन्स्टाग्राम ही माहिती देते: किती जणांपर्यंत पोस्ट पोहोचली, किती जणांनी ती साठवली, किती जणांनी पुढे पाठवली, फॉलोअर कोणत्या शहरांतले आहेत. आमच्या फॉलोअरच्या शहरांच्या यादीत वरच्या जागी अशी गावे होती जिथे आमची पेटी पिकून गळल्याशिवाय पोहोचूच शकत नाही. पूर्वी 640 फॉलोअर असताना एका छायाचित्राला साठच्या आसपास लाईक येत, आता 11,400 असताना सत्तर येत होते. म्हणजे दर शंभरातली नऊ माणसे बोलत होती त्या जागी आता एकही धड बोलत नव्हते.

यात केवळ अभिमानाचे नुकसान आहे असे कुणी समजू नये. कोणती पोस्ट कोणाला दाखवायची हे इन्स्टाग्राम ठरवते ते मुख्यतः माणूस त्या पोस्टपाशी थांबेल का, लाईक-कमेंट करील का, ती पुढे पाठवील का, या अंदाजांवर, आणि तसे कंपनीने 2021 मध्ये जाहीरपणे समजावून सांगितले आहे. फुकटच्या पेटीसाठी आलेला माणूस पेटी न मिळाल्यावर आपल्या पोस्टवरून अंगठा फिरवून पुढे जातो, आणि असे हजारो लोक गोळा केले की आपणच आपल्या पोस्टविषयी ‘ही कुणाला नको आहे’ अशी साक्ष देऊन ठेवतो. शिवाय त्या गर्दीत छायाचित्र नसलेली, नावापुढे सहा-सात आकडे असलेली खाती पुष्कळ होती. ती विकत घेतली होती का, याचे उत्तर एजन्सीने सरळ दिले नाही. बाहेरच्या ॲपमधून मिळवलेले खोटे फॉलोअर आणि लाईक काढून टाकण्याचे धोरण इन्स्टाग्रामने नोव्हेंबर 2018 मध्येच जाहीर केले होते. मे महिन्यात आमचा आकडा दोन दिवसांत अकराशेने उतरला, तेव्हा मला ते आठवले.

एप्रिलमध्ये जे घडले त्याने मात्र माझे मत कायमचे बनले. त्याच डोंबिवलीच्या काकूंनी कापलेल्या फोडीचे छायाचित्र स्वतःच्या स्टोरीत टाकून आम्हाला टॅग केले. वरून सोन्यासारखे फळ, आत कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा गर. हा साका. हापूसला तो होतो, फळ न कापता बाहेरून ओळखता येत नाही, आणि फळ झाडावर फार पक्व होऊ दिले व तापलेल्या जमिनीची धग लागली की त्याचे प्रमाण वाढते, एवढे आमच्या घरातले शेंबडे पोरही सांगेल. एजन्सीच्या माणसाने त्या स्टोरीला पुन्हा बदाम पाठवला. दुसऱ्या दिवशी काकूंनी कमेंटमध्ये रागाने लिहिले, तेव्हा मला निरोप आला, “सर, निगेटिव्ह कमेंट आहे, डिलीट करून टाकूया का?”

मी नको म्हटले आणि वहिनींनी काकूंना फोन लावला. “तुमचा तो बदाम बघून डोकंच फिरलं माझं,” काकू म्हणाल्या. वहिनींनी साका म्हणजे काय ते सांगितले, पेटीत अशी किती फळे निघाली ते विचारले आणि तितकी फळे पुढच्या गाडीने पाठवतो असे कबूल केले. मग तेच सगळे त्या कमेंटखाली सविस्तर लिहिले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’ला साका होत नाही, पण त्याची चव वेगळी, हेही जोडले. त्या एका उत्तराखाली बेचाळीस कमेंट झाल्या. कुणी विचारले, कर्नाटकचा हापूस देवगडचा म्हणून विकतात तो कसा ओळखायचा? कुणी विचारले, भौगोलिक मानांकन म्हणजे नेमके काय? (हापूसला ते ऑक्टोबर 2018 मध्ये मिळाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाला ते नाव लावता येते.) एकाने फळ पिकवायला वापरल्या जाणाऱ्या कार्बाइडबद्दल विचारले, त्याला वहिनींनी कायद्याने त्यावर बंदी असल्याचे सांगून आढीचे, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेल्या फळांचे, छायाचित्र पाठवले. अकरा हजारांची गर्दी जमवून जे चार महिन्यांत झाले नव्हते, ते कापलेल्या एका खराब फोडीने दोन दिवसांत केले.

त्यानंतर वहिनींनी आपल्या फोनवर आढी लावतानाचे पन्नास सेकंदांचे चित्रण केले. भाताचा पेंढा, त्यावर ओळीने फळे, त्यावर पुन्हा पेंढा. हात थरथरतो, मागे कोंबडी ओरडते, आणि मधेच आमचे काका “देठाकडून धर गो” म्हणून दटावतात. एजन्सीला ते खात्याच्या ‘दर्जा’ला साजेसे वाटले नाही आणि प्रसिद्ध करायला त्यांनी चार दिवस घेतले. ‘घरी पेंढा नसेल तर काय करावे’ हा प्रश्न त्याखाली एवढ्यांदा आला की वर्तमानपत्राचे आणि फ्रिजचे उत्तर (कागद चालतो, कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नये) शेवटी तयार उत्तरांत घालावे लागले. ते चित्रण लोकांनी साठवून ठेवले आणि पुढे पाठवले. एजन्सीने तोवर संगीत लावून केलेल्या सोळा रीलपैकी एकाही रीलला तेवढे साठवणारे मिळाले नव्हते.

दोन तक्रारी थोडक्यात. त्यांनी खाद्यपदार्थांवर चित्रफिती करणारी एक व्यक्ती 8,000 रुपये आणि दोन पेट्यांवर ठरवली, आणि तिने पैसे घेतल्याचा उल्लेख न करता स्तुती केली. अशी स्तुती जाहिरात म्हणून ठळक दाखवावी लागते. जाहिरात मानक परिषदेचे तसे दिशानिर्देश 2021 पासून आहेत आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी 2023 मध्ये तेच सांगितले आहे. आम्ही आग्रह धरल्यावर चित्रफितीवर ‘जाहिरात’ अशी पट्टी लागली, पण हे आम्हाला सांगावे लागायला नको होते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. खाते ‘नीट करून देतो’ म्हणून त्यांनी ते स्वतःच्या ई-मेल पत्त्याला जोडले होते, आणि करार संपल्यावर ते परत आमच्या ताब्यात यायला बारा दिवस लागले. जूनमध्ये झाले म्हणून निभावले. एप्रिलमध्ये झाले असते तर हंगाम बुडाला असता.

हिशेब असा. आम्ही वहीत प्रत्येक ऑर्डरीपुढे ‘कुठून कळले’ असा रकाना ठेवतो. त्या हंगामातल्या 412 ऑर्डरींपैकी 31 इन्स्टाग्रामवरून आल्या, आणि त्यांतल्या 19 साक्याच्या त्या चर्चेनंतरच्या. एजन्सीची फी, जाहिराती आणि ती चित्रफीत धरून 1,55,000 रुपयांच्या वर खर्च झाला, म्हणजे इन्स्टाग्रामवरून आलेल्या एका ऑर्डरीमागे 5,000 रुपये. एप्रिलमधल्या आमच्या पाच डझनांच्या पेटीच्या किमतीपेक्षा हा आकडा मोठा आहे. छायाचित्रे आणि व्हॉट्सॲपची मांडणी पुढच्या वर्षांतही उपयोगी पडेल हे मान्य करूनही, सेवा महाग पडली असेच मी म्हणेन.

कपड्यांचे दुकान, केशकर्तनालय किंवा मिठाईचे दुकान अशा बारमाही धंद्यांना, जिथे रोज नवे काही दाखवण्यासारखे असते आणि गिऱ्हाईक चालत येऊ शकते, तिथे ही सेवा अधिक उपयोगी ठरेल असे मला वाटते. हंगामी मालवाल्याने ती घ्यायची असेल तर फॉलोअरच्या संख्येची हमी करारातून काढून टाकावी, खाते आपल्याच ई-मेलवर आणि आपल्याच फोनवर ठेवावे, छायाचित्रांच्या मूळ फायली आपल्याकडे येतील हे लिहून घ्यावे आणि कमेंटला उत्तर कोण देणार त्या माणसाचे नाव आधी विचारावे. आमच्याकडे ते नाव सहा महिन्यांत तीनदा बदलले, आणि तिघांपैकी एकानेही साका पाहिलेला नव्हता.

जूनमध्ये त्यांनी वर्षभराच्या कराराचा प्रस्ताव पाठवला, या वेळी पंचवीस हजार फॉलोअरच्या हमीसह. आम्ही उलट प्रस्ताव दिला: जानेवारीत दोन आणि मार्चमध्ये एक दिवस छायाचित्रकार पाठवा, त्याचे वेगळे पैसे घ्या, बाकी काही नको. तो त्यांनी मान्य केला. खाते आता वहिनींकडे आहे आणि आज फॉलोअर 9,870 आहेत. रोज थोडे उतरतात, आणि वहिनी संध्याकाळी पडवीत बसून आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर लिहितात.