कोर्टामागचं जुन्या कायद्याच्या पुस्तकांचं दुकान (शिवाजीनगर)

कायद्याच्या कागदांची भाषांतरं करणाऱ्या कुणालाही मी या दुकानात बिनधास्त पाठवीन. नवी पुस्तकं हवी असतील तर सरळ अप्पा बळवंत चौक गाठा. इथे यायचं ते जुन्यासाठी. निवृत्त वकिलांच्या घरून आलेले लॉ रिपोर्ट्स असतात आणि मागच्या कपाटात जाडजूड इंग्रजी विधिकोश.

माझ्याकडे इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या वसुलीचे कागद आलेत. टाइद म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, इतकं नेटवर कुठेही सापडतं. पण तो जायचा कुणाकडे? दुकानातल्या काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोश सोडला आणि म्हणाले, "ताई, इथेच बसून बघा, मग ठरवा." त्यात सगळी वाटणी होती. धान्य, गवत, लाकूड यांचा हिस्सा रेक्टरचा, म्हणजे त्या चर्चच्या उत्पन्नाच्या मुख्य हक्कदाराचा. फळं, भाजीपाला, अंडी असला बारीकसारीक हिस्सा व्हिकारचा, म्हणजे रेक्टरच्या वतीने चर्च सांभाळणाऱ्या पाद्र्याचा. माझ्या कागदांतली तक्रार याच अंड्यांवरून आहे!

मॉर्च्युअरीची नोंद वाचताना मात्र फार राग आला. कूळ मेलं की त्याचं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदार न्यायचा, त्याला हेरियट म्हणत. त्याच्या खालोखालचं चर्च न्यायचं, ती मॉर्च्युअरी. घरात सुतक आणि गोठाही रिकामा. शेवटी १५२९ च्या कायद्याने जनावराऐवजी रोख रक्कम ठरवली, जास्तीत जास्त दहा शिलिंग, आणि दहा मार्कांखालच्या (मार्क हे तेव्हाचं पैसे मोजायचं एकक) मालमत्तेला पूर्ण माफी दिली. फर्स्ट फ्रूट्सचा प्रवासही मुद्देसूद दिलाय: नव्या पाद्र्याचं पहिल्या वर्षाचं उत्पन्न आधी पोपकडे, १५३४ पासून आठव्या हेन्रीच्या खजिन्यात, १७०४ पासून राणी ॲनच्या निधीतून गरीब पाद्र्यांना.

घेताना छपाईचं साल जरूर बघा. माझी प्रत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. १८३६ च्या कायद्याने टाइदची पैशातली आकारणी झाली आणि ती गहू, बार्ली, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाला बांधली, इथपर्यंत ती नेते. १९३६ मध्ये ती आकारणीच रद्द झाली, हे तिच्यात असणारच नाही.

आत उजेड फार कमी आहे, बारीक टाइप वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. पुस्तकांवर किमती लिहिलेल्या नाहीत, पण काका वाजवी सांगतात. मला कोश साडेसहाशेला पडला. बांधणी सैल असेल तर बाइंडरकडून करूनही देतात, त्याचे पैसे वेगळे. दुपारी जेवणाच्या वेळी बंद असतं, तेव्हा सकाळीच जा.