गाड्यांच्या जुन्या फिल्मस्ट्रिप: प्रोजेक्टर, स्कॅनर की कॅमेरा?

‘मास्टर टेक्निशियन्स सर्व्हिस कॉन्फरन्स’ ही अमेरिकन मोटार कंपनी क्रायस्लरची, मेकॅनिकना शिकवण्यासाठी बनवलेली मालिका. तिचा एखादा पूर्ण संच हाती लागला, म्हणजे डबीतली फिल्मस्ट्रिप (एकामागोमाग स्थिर चित्रं, म्हणजे फ्रेम, असलेली फिल्मची सलग पट्टी), तिची रेकॉर्ड आणि सोबतची पुस्तिका, की ती चित्रं पाहायची आणि जपायची कशी, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. जुना प्रोजेक्टर शोधायचा, घरातल्या फ्लॅटबेड स्कॅनरवर भागवायचं, की कॅमेऱ्यानं एकेक फ्रेम टिपायची? मी मिशिगनमध्ये राहतो. इथल्या जुन्या सामानाच्या विक्रीत असे संच अजून अधूनमधून दिसतात, आणि मी तिन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत.

ही मालिका १९४७मध्ये सुरू झाली. डीलरच्या सर्व्हिस विभागात मेकॅनिक मंडळी दिवे घालवून बसायची, रेकॉर्डवरचा निवेदक समजावून सांगायचा, आणि खुणेचा आवाज झाला की पुढची फ्रेम यायची. १९५७च्या मॉडेलांना पुढच्या चाकांसाठी टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे, पिळले जाणारे दांडे) आले, १९६०च्या व्हॅलिअंट गाडीला वीज तयार करायला डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. असे बदल गॅरेजपर्यंत पोचवायला या पट्ट्या होत्या. शेव्हर्लेसाठी असलं काम डेट्रॉइटची जॅम हँडी ऑर्गनायझेशन करायची. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्याच सहकार्यानं डॉज, प्लिमथ आणि फार्गो तयार व्हायच्या. ज्यांनी फार्गो ट्रकचं बॉनेट कधी उघडलं असेल, त्यांना या चित्रांत बरंच ओळखीचं सापडेल.

प्रोजेक्टरची बाजू आधी मांडतो, कारण आनंद त्यातच सगळ्यात जास्त आहे. ड्यूकेन कंपनीच्या यंत्रासारख्या यंत्रात प्रोजेक्टर आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असतात. भिंतीवर गिअरबॉक्सचा छेद उमटतो, निवेदकाचा ठाशीव आवाज खोली भरतो, आणि ही पट्टी बनवणाऱ्यांनी ती किती विचार करून बनवली होती ते कळतं. एका फ्रेममध्ये एकच गोष्ट सांगायची, हा नियम त्यांनी क्वचितच मोडला. हा अनुभव संगणकाच्या पडद्यावर तसाच्या तसा येत नाही, हे मान्य करावंच लागेल. मात्र मूळ पट्टी वारंवार अशी चालवणं मला पटत नाही. दिव्याच्या उष्णतेनं फ्रेम वाकते, जुने रबरी रोलर कडक झालेले असतात आणि पट्टीवर ओरखडे उमटतात. त्या प्लेअरचा टोनआर्मही (सुई धरणारा दांडा) जड असतो, दर वेळी खाचा थोड्या झिजतातच.

रंगांचा प्रश्न वेगळा. त्या काळच्या रंगीत फिल्मचा निळसर-हिरवा रंग अंधारात ठेवूनही उडतो आणि मागे गुलाबी-लाल तेवढं उरतं. माणसांचे चेहरे लाल दिसले तर फारसं बिघडत नाही. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आकृतीत तेलाच्या दाबाप्रमाणे मार्ग वेगवेगळ्या रंगांत दाखवलेले असतात. ते सगळेच लालसर झाले की आकृती वाचताच येत नाही. प्रोजेक्टर जे आहे तेच दाखवणार.

म्हणून बहुतेक जण स्कॅनरकडे वळतात, मीही वळलो. चित्राच्या दर्जाबद्दल माझी तक्रार नाही. चांगल्या फ्लॅटबेडवर आलेली फ्रेम वाचायला पुरेशी होती, आणि लाल झालेले रंग सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी सावरता आले. माझा निर्णय फिरला तो होल्डरमुळे, म्हणजे फिल्म धरून ठेवणाऱ्या चौकटीमुळे.

घरगुती स्कॅनरचा फिल्म होल्डर साध्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हसाठी बनवलेला असतो: सहा फ्रेमचा कापलेला तुकडा, प्रत्येक फ्रेम ३६ मिलिमीटर लांब. फिल्मस्ट्रिपची फ्रेम मात्र २४ बाय १८ मिलिमीटर, म्हणजे निम्मी, आणि पट्टी सलग. शंभरेक फ्रेम असतील तर लांबी दोन मीटरच्या आसपास जाते. होल्डरमध्ये एका वेळी डझनभर फ्रेम बसतात, बाकीची पट्टी दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबते आणि झाकण तिच्यावरच बंद करावं लागतं. दर वेळी झाकण उघडा, पट्टी पुढे सरकवा, पुन्हा दाबून बंद करा. जिथे झाकणाची कड बसते तिथे घडी पडेल की काय, या धास्तीनं माझा हात तिथेच थबकायचा. त्यात सॉफ्टवेअर हटकून ३६ मिलिमीटरच्या चौकटी शोधतं आणि दोन चित्रं एकत्र जोडून देतं, किंवा एका चित्राचा अर्धा भाग शेजारच्याला चिकटवतं. प्रत्येक चौकट हातानं आखा, झाकण उघडा, तेच पुन्हा. एका पट्टीत माझी पूर्ण संध्याकाळ जायची.

‘पट्टी कापून टाका, सोपं होईल’ असा सल्ला मला मिळाला. कृपा करून तसं करू नका. कापलेली पट्टी पुन्हा प्रोजेक्टरमध्ये धड चालत नाही, तुकडे मागेपुढे होतात, आणि एखाद्या महिन्याच्या भागाची ती कदाचित शेवटची धड प्रत असेल.

कॅमेऱ्यानं हा त्रास एका फटक्यात संपवला. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स, खालून एकसारखा पांढरा प्रकाश देणारा चांगला एलईडी पॅनेल, आणि दोन्ही टोकांना उघडा असलेला होल्डर. पट्टी एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं बाहेर येते, वरून काहीच बंद करावं लागत नाही. फ्रेम सरकवायची, क्लिक करायचं. फार महागडा कॅमेराही लागत नाही, उलट इथे लहान सेन्सर सोयीचा. मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या प्रकारात लांबी-रुंदीचं प्रमाण ४:३, फिल्मस्ट्रिपच्या फ्रेमचंही तेच, त्यामुळे चौकट काठोकाठ भरते. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेलं मूळ चित्र) घेतली की उडालेले रंग सावरायलाही जास्त वाव मिळतो. माझ्याकडच्या एका गिअरबॉक्सच्या आकृतीतले तेलाचे मार्ग तसेच पुन्हा वेगळे दिसू लागले. सुरुवातीची जुळवाजुळव मात्र वेळखाऊ आहे. कॅमेरा फिल्मला अगदी समांतर नसेल तर एक कोपरा हमखास अस्पष्ट येतो. ज्यांच्याकडे एकदोनच पट्ट्या आहेत आणि स्कॅनर घरात पडून आहे, त्यांना एवढा खटाटोप कदाचित जास्त वाटेल.

रेकॉर्डसाठी निवड सोपी आहे: मूळ प्लेअर बाजूला ठेवा, चांगल्या टर्नटेबलवर हलक्या टोनआर्मनं एकदाच वाजवा आणि संगणकात उतरवून घ्या. १९३०-४०च्या दशकातल्या सोळा इंची तबकड्या नेहमीच्या टर्नटेबलवर मावत नाहीत आणि त्यांच्या रुंद खाचांना सुईही जाड लागते, ते काम जाणकाराकडे द्यावं. एक गोष्ट आवर्जून सांगतो. स्वयंचलित प्रोजेक्टरसाठी बनवलेल्या रेकॉर्डवर फ्रेम बदलण्याची खूण ५० हर्ट्झच्या, कानाला जेमतेम जाणवणाऱ्या स्वरात असते. म्हणून मूळ ध्वनिमुद्रणावर घरघर घालवणारा फिल्टर चढवू नका. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या वेळी कोणते स्वर आहेत हे दाखवणारं चित्र) उघडला की खुणा तळाशी रांगेनं दिसतात, आणि कोणतं चित्र कोणत्या वाक्याला बदलायचं याचा अंदाज करत बसावं लागत नाही. भारतात हे करणार असाल तर जास्त जपा, कारण आपल्या विजेचा गुणगुणाटही ५० हर्ट्झचाच. अर्थिंग आधी नीट करून घ्या.

तेव्हा माझा कौल कॅमेऱ्याकडे झुकतो, आणि प्रोजेक्टर हवाच असेल तर तोही त्यानंतर. सगळ्या फ्रेम टिपून झाल्यावर एखादी जास्तीची किंवा आधीच खराब झालेली प्रत मित्रमंडळींना भिंतीवर दाखवायला काहीच हरकत नाही. मूळ पट्ट्या थंड, कोरड्या जागी ठेवा. मुंबई-कोकणात तर डबी घट्ट बंद करून विसरून जाऊ नका. डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती पट्टी बाकीच्यांपासून लगेच दूर करा आणि रांगेत सगळ्यात पुढे घ्या. ती आकसून वळली की उघड्या होल्डरमध्येही सपाट राहत नाही, आणि मग कॅमेऱ्यालाही सगळी फ्रेम एकदम स्पष्ट पकडता येत नाही.