नमुना म्हणून पाठवलेले लाकडी स्टिअरिंग परत आलेच नाही

आमच्या घरी १९५७ सालची फियाट अकराशे आहे, जिला मुंबईकडचे लोक डुक्कर फियाट म्हणतात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती अमळनेरला आणली आणि कापसाच्या हंगामात पारोळा, धरणगाव, चोपडा या गावांच्या कितीतरी फेऱ्या त्या गाडीने केल्या. गाडीचे मूळचे स्टिअरिंग काळे, कडक प्लास्टिकसारखे होते. खानदेशातल्या उन्हाने त्याला बारीक तडे गेले, तेव्हा अण्णांनी मुंबईच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाकडून इटालियन लाकडी स्टिअरिंग विकत घेतले. तुरिनचे एन्रिको नार्दी यांनी १९५१ पासून अशी स्टिअरिंग घडवायला सुरुवात केली होती आणि आमचे त्याच कारखान्याचे होते: अल्युमिनियमच्या एका अखंड पत्र्यातून कापलेले तीन आरे, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटवलेले महोगनीचे कडे, आणि मागच्या बाजूला बोटे बसावीत म्हणून कोरलेल्या खाचा. अण्णांची अंगठी जिथे टेकत असे, तिथले व्हार्निश घासून लाकूड उघडे पडले होते. अण्णा गेल्यानंतर मी त्या जागेवरून हात फिरवल्याशिवाय कधी गाडी सुरू केली नाही.

साठ वर्षांत कड्याचे दोन सांधे उकलले. ते दुरुस्त करून घ्यावे आणि रोजच्या वापरासाठी तसेच दुसरे बनवून घ्यावे, असे मी २०२४ च्या पावसाळ्यात ठरवले. एका मोठ्या शहरातल्या कारागिराचे नाव दोन-तीन जणांनी सुचवले होते. फोनवर त्याचे बोलणे इतके जाणकाराचे होते की शंका घ्यायला जागा उरली नाही. लाकूड कोणते लागेल, ते किती मुरलेले असावे, व्हार्निशचे किती हात द्यावे लागतील, हे सारे त्याने न विचारताच सांगितले. दोन्ही कामांचे मिळून त्याने बेचाळीस हजार रुपये सांगितले आणि पंचवीस हजार आगाऊ मागितले. फोटोवरून नेमके माप मिळत नाही, तेव्हा मूळ स्टिअरिंग नमुना म्हणून त्याच्याकडे पाठवावेच लागेल, असेही तो म्हणाला. माझी चूक इथे झाली. ऑक्टोबरमध्ये मी ते कापडात गुंडाळून, लाकडी खोक्यात बंद करून कुरिअरने पाठवले आणि सोबत एक साधी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही.

पुढचे चार महिने कारणे ऐकण्यात गेले. लाकूड अजून मुरायचे आहे, पॉलिशवाला गावी गेला आहे, दमट हवेत व्हार्निश वाळत नाही, असे प्रत्येक वेळी नवे काहीतरी निघे, पण ते इतके पटण्यासारखे असे की मी गप्प बसत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन स्टिअरिंग आली. एकाला ‘दुरुस्त केलेले मूळ’ आणि दुसऱ्याला ‘नवीन’ अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या. दोन्ही आरशासारखी चकचकीत होती, आणि मूळ म्हणून आलेल्यावर अंगठीची खूण नव्हती, याचे मला वाईट वाटले तरी नवे व्हार्निश दिल्यावर ती जाणारच, अशी मी मनाची समजूत घातली. उरलेले सतरा हजार त्याच दिवशी पाठवून दिले.

मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो, आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. त्या महिन्यात एके दुपारी जिनिंगच्या आवारातून गाडी वळवून बाहेर काढताना ‘मूळ’ म्हणून आलेल्या स्टिअरिंगचे कडे माझ्या डाव्या हातात उकलले आणि एक सांधा बोटभर सरकला. गाडी जेमतेम चालण्याच्या वेगात होती म्हणून काही झाले नाही. धुळ्याच्या रस्त्यावर समोरून ट्रक येत असताना हेच घडले असते, तर हा मजकूर लिहायला मी उरलो नसतो.

आमच्या गल्लीतले जुने सुतार मिस्त्री संध्याकाळी आले. उघड्या पडलेल्या सांध्यावर त्यांनी नख ओढले तर ते सहज रुतले, थिनरमध्ये भिजवलेला बोळा फिरवला तर तांबूस रंग बोळ्यावर उतरला आणि खाली पांढुरके, हलके, पॅकिंगच्या पेट्यांना वापरतात तसले पाइनचे लाकूड निघाले. ते एवढेच म्हणाले, “भाऊ, हाई ते लाकूडच नही शे.” मग मी लोहचुंबक आणून आऱ्यांना लावला आणि तो चिकटला. अल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. म्हणजे आरेसुद्धा लोखंडी पत्र्याचे, वेल्डिंग करून जोडलेले आणि वरून चकचकीत मुलामा दिलेले होते. दोन्ही स्टिअरिंगची तीच गत होती. माझ्याकडे दोन नकला आल्या होत्या आणि अण्णांचे स्टिअरिंग भलत्याच कोणाच्या हाती गेले होते.

तरीही कारागीर फोनवर ‘तुमचेच आहे, तुम्ही नीट पाहिले नसेल’ असे ठामपणे सांगत राहिला, तेव्हा जुन्या अल्बममधला एक फोटो कामी आला. त्यात अण्णा खिडकीतून हात बाहेर काढून बसले आहेत आणि कड्यावरची लाकडाची रेषा, म्हणजे त्याच्या तंतूंची नक्षी, स्पष्ट दिसते. डाव्या आऱ्याच्या वर, दोन रिबिटांच्या मधोमध, शेंगदाण्याएवढी गाठ आहे. व्हार्निश कितीही वेळा बदलले तरी लाकडाची रेषा आणि गाठ बदलत नाहीत. तो फोटो पाठवल्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. पुढे चौकशी करताना धुळे जिल्ह्यातल्या आणखी एका गाडीमालकाची गाठ पडली. त्यांनाही याच पद्धतीने नक्कल देऊन मूळ वस्तू ठेवून घेण्यात आली होती, आणि त्यांना ते माझा फोन येईपर्यंत ठाऊकच नव्हते.

ज्यांना असे काम करून घ्यायचे आहे त्यांनी मूळ स्टिअरिंग कोणाच्याही हवाली करू नये, एवढे मी कळकळीने सांगतो. त्याची गरजही नसते. जाड कागदावर स्टिअरिंग ठेवून बाहेरची आणि आतली रेघ आखता येते, कड्याची जाडी कॅलिपरने आठ-दहा ठिकाणी मोजता येते, बोटांच्या खाचांचा साचा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये घेता येतो आणि मधल्या भोकांचे अंतर पत्र्यावर छिद्रे पाडून पाठवता येते. दुरुस्तीसाठी द्यावेच लागले, तर सगळ्या बाजूंनी सूर्यप्रकाशात फोटो काढावेत, गाठी आणि रेषा जवळून टिपाव्यात, आऱ्याच्या मागे हॉर्नच्या बटणाखाली झाकली जाईल अशी एखादी खूण स्वतः कोरावी, आणि कारागिराकडून वस्तूचे पूर्ण वर्णन असलेली सहीची पोच घ्यावी. परत आल्यावर ती खूण पाहिल्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नये.

नव्या स्टिअरिंगबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण इथे वस्तू जाते त्याहून मोठी गोष्ट, म्हणजे जीव, धोक्यात असतो. एकाच फळीतून गोल कापलेले कडे दिसायला सुरेख दिसते, पण समोरासमोर दोन ठिकाणी लाकडाची रेषा आडवी जाते आणि झटका बसला की कडे तिथेच मोडते. म्हणून चांगला कारागीर सहा-आठ तुकडे असे जोडतो की रेषा शक्य तितकी गोलाईबरोबर फिरेल, आणि सांध्यांना एकमेकांत गुंतणारे दात काढतो. चिकटवण्यासाठी तो इपॉक्सी गोंद वापरतो. फर्निचरचा पांढरा गोंद उष्णतेने मऊ पडतो आणि सतत ताण असला की सांधा हळूहळू सरकतो. आमच्या नकलेत मिस्त्रींना तोच गोंद सापडला. सागवान वापरायचे असेल तर त्यातले तेल चिकटवण्याच्या आड येते, त्यामुळे सांध्याची जागा आधी थिनरने पुसावी लागते. काम चालू असताना, व्हार्निश चढण्यापूर्वी, कच्च्या लाकडाचे आणि मधल्या पत्र्याचे फोटो मागावेत. ते द्यायला जो टाळाटाळ करील, त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवावा.

मी पोलिसांकडे लेखी अर्ज दिला आहे. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर लाटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे आणि फसवणूक कलम ३१८ खाली. ग्राहक आयोगाकडे तक्रारही दाखल केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी कारागिराच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत, मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. बँकेतून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि कुरिअरची पावती जपून ठेवल्यामुळे माझ्या तक्रारीला आधार मिळाला. पोच घेतली असती तर तो आधार कितीतरी भक्कम झाला असता. प्रकरण अजून चालू आहे.

मिस्त्रींनी आता सातपुड्याकडच्या जुन्या घराच्या मोडीतले सागवान आणले असून जळगावच्या औद्योगिक वसाहतीत अल्युमिनियमचा अखंड पत्रा कापून घेतला आहे. ते नवे स्टिअरिंग दिवाळीपर्यंत बसेल.

मूळ स्टिअरिंग मात्र कोणाच्या तरी गाडीत किंवा कपाटात असणारच. त्याचा व्यास सुमारे सोळा इंच आहे. डाव्या आऱ्याच्या वर दोन रिबिटांमध्ये शेंगदाण्याएवढी गाठ आहे, आणि उजवीकडचे खालचे रिबीट किंचित तिरके बसलेले आहे. त्यावर नवे व्हार्निश दिलेले असेल, तरी या दोन खुणा दिसतील. असे स्टिअरिंग कोणी विकायला आणले, तर ते घेण्यापूर्वी या खुणा तपासाव्यात आणि जुळल्या तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे.