ओटीपी, ऑथेंटिकेटर ॲप, सिक्युरिटी की आणि पासकी: आपल्या खात्याला दुसरे कुलूप कोणते लावावे?

पासवर्ड कितीही अवघड असला तरी तो चोरीला जाऊ शकतो, ही गोष्ट आता वेगळी पटवून द्यावी लागत नाही. एखाद्या संकेतस्थळाची माहिती फुटते आणि तोच पासवर्ड आपण आणखी दोन ठिकाणी वापरलेला असतो, किंवा हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर आपणच तो स्वतःच्या हाताने टाइप करतो. म्हणून पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागण्याची पद्धत रूढ झाली. हा दुसरा पुरावा कोणता ठेवायचा हे ठरवण्याची वेळ आली की बहुतेक जण समोर दिसेल तो पहिला पर्याय निवडून मोकळे होतात, आणि तो बहुधा एसएमएसने येणारा ओटीपी असतो. येथे चार पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहायचे आहेत: एसएमएस ओटीपी, फोनवरच कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप, यूएसबीला जोडायची सिक्युरिटी की आणि फोनमध्ये किंवा संगणकात राहणारी डिजिटल किल्ली म्हणजे पासकी. ते पाहताना मी दोन प्रश्न धरून चाललो आहे. हा पर्याय चोराला किती अडवतो, आणि फोन हरवला किंवा बिघडला तर तोच पर्याय खुद्द मालकाला किती अडवतो? पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते, पण खात्याबाहेर अडकून पडलेली माणसे ज्या मनस्तापातून जातात तो दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे ओढवलेला असतो.

एसएमएसने येणारा ओटीपी

या पर्यायाचे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही, साध्या बटणांच्या फोनवरही तो चालतो आणि फोन बदलला तरी तेच सिम नव्या फोनमध्ये घातले की कोड येऊ लागतात. गुगलने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एसएमएस कोडने यंत्राकरवी होणारे आपोआप हल्ले १०० टक्के, घाऊक फिशिंग (बनावट पानावर माहिती टाइप करायला लावणारी फसवणूक) ९६ टक्के आणि एखाद्या विशिष्ट व्यक्तीला लक्ष्य करून केलेले हल्ले ७६ टक्के रोखले, असे दिसले होते. नुसत्या पासवर्डच्या तुलनेत हा फरक फार मोठा आहे.

मात्र जो गुण तोच दोष आहे. हा कोड आपल्या नंबरवर येतो. हातातल्या फोनशी किंवा आपल्याशी त्याचा थेट संबंध नसतो, आणि नंबर दूरसंचार कंपनीच्या ताब्यात असतो. कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसवून किंवा फितवून आपला नंबर दुसऱ्या सिमवर चालू करून घेतला की आपले सगळे कोड चोराच्या फोनवर जाऊ लागतात. यालाच सिम स्वॅप म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचा नंबर अशाच रीतीने ताब्यात घेण्यात आला आणि एसएमएसने ट्वीट करण्याची जी सोय तेव्हा होती तिच्या आधारे त्यांच्या खात्यावरून मजकूर प्रसिद्ध झाला. दुसरी वाट यंत्रणेच्या आतूनच जाते. दूरसंचार कंपन्या आपापसांत ज्या एसएस७ प्रणालीने बोलतात ती १९७० च्या दशकात, एकमेकांवर विश्वास असलेल्या मोजक्या कंपन्यांसाठी आखली गेली होती. २०१७ साली जर्मनीत त्याच प्रणालीतून बँक ग्राहकांचे कोड दुसरीकडे वळवून खात्यांतील पैसे काढण्यात आले. पुढच्याच वर्षी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाच्या काही कर्मचाऱ्यांच्या खात्यांत एसएमएस कोड मध्येच पकडून प्रवेश मिळवण्यात आला आणि कंपनीने तसे जाहीरपणे सांगितले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ पासूनच या पद्धतीला मर्यादित स्वरूपाचीच मान्यता ठेवली आहे.

याखेरीज एक धोका असा आहे की ज्यात कोणी चोरी करावी लागतच नाही. आपण सोडून दिलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतील असे २५९ नंबर तपासले, तेव्हा त्यांतील १७१ नंबर कोणा ना कोणाच्या जुन्या खात्यांशी अजून जोडलेले आढळले. नंबर बंद करण्याआधी तो कुठे कुठे दिला आहे हे आठवून बदलणे कंटाळवाणे असते, पण ते टाळल्यास आपले कोड एका अनोळखी माणसाच्या हाती पडू शकतात.

खासगीपणाचा मुद्दा तर मला याहून अधिक अस्वस्थ करतो. सुरक्षेसाठी म्हणून घेतलेला नंबर सुरक्षेपुरताच वापरला जाईल, असा आपला समज असतो. ट्विटरने २०१३ ते २०१९ या काळात असे घेतलेले नंबर आणि ईमेल पत्ते जाहिराती लक्ष्य करण्यासाठीही वापरू दिले आणि त्याबद्दल २०२२ मध्ये अमेरिकेत कंपनीला १५ कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. फेसबुकवरही याच प्रकारचा आरोप २०१९ च्या सरकारी कारवाईत होता. माणूस सावधगिरी म्हणून जी माहिती देतो तिचाच असा उपयोग होणे हा विश्वासाचा भंग आहे, आणि केवळ याच कारणासाठी जेथे शक्य असेल तेथे नंबर न मागणारा पर्याय निवडावा, असे माझे मत आहे.

ऑथेंटिकेटर ॲप

ॲपमध्ये सुरुवातीला जो क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो त्यात एक गुप्त संख्या दडलेली असते. ती आपल्या फोनमध्ये आणि त्या सेवेच्या सर्व्हरवर अशी दोनच ठिकाणी राहते. ही संख्या आणि त्या क्षणीची वेळ यांवरून दोन्हीकडे स्वतंत्रपणे सहसा सहा अंकांचा कोड तयार होतो आणि बहुधा ३० सेकंदांनी तो बदलतो. त्यामुळे नेटवर्क नसताना, परदेशात सिम बंद असताना किंवा विमानातसुद्धा ॲप कोड देते. ही पद्धत २०११ पासून खुले मानक असल्यामुळे बहुतेक सेवांसाठी आपल्या पसंतीचे कोणतेही ॲप वापरता येते. सेवा ज्या ॲपचे नाव सुचवते तेच घेण्याची सक्ती सहसा नसते. कोड वारंवार चुकीचा ठरत असेल तर बहुतेक वेळा फोनचे घड्याळ पुढेमागे झालेले असते, आणि वेळ आपोआप जुळवण्याचे सेटिंग चालू केले की अडचण मिटते.

सिम स्वॅपचा येथे काहीच उपयोग होत नाही, परंतु फिशिंग मात्र चालते. बनावट पानाने आपल्याकडून पासवर्ड आणि सहा अंक घेतले आणि त्याच काही सेकंदांत खऱ्या संकेतस्थळावर भरले, तर ॲपला ते ओळखण्याचा मार्ग नाही. कोड माणसाने वाचून टाइप करायचा असतो आणि माणूस फसू शकतो, ही मर्यादा एसएमएस आणि ॲप या दोघांनाही सारखीच लागू आहे.

या पर्यायाची खरी परीक्षा फोन गमावल्यावर होते. माझा फोन एकदा पाण्यात पडून कायमचा बंद झाला, तेव्हा त्यातील ॲपच्या नोंदींची दुसरी प्रत कुठेही नव्हती. एका सेवेने ओळख पटवून खाते परत देण्यासाठी तीन आठवडे घेतले आणि दुसऱ्या एका सेवेतील खाते मला आजपर्यंत परत मिळालेले नाही. म्हणून आता नवे खाते जोडताना मी तोच क्यूआर कोड दोन उपकरणांवर स्कॅन करतो. त्यासाठी सिम नसलेला, कपाटात पडून असलेला जुना फोन पुरतो. क्यूआरखाली अक्षरांच्या रूपात जी गुप्त संख्या दिसते ती कागदावर लिहून ठेवणे हाही चांगला मार्ग आहे. क्यूआरचा स्क्रीनशॉट काढणे मात्र टाळावे, कारण तो गॅलरीतून आपोआप क्लाउडवर जातो आणि ज्याला ते चित्र मिळाले त्याला आपले सगळे पुढचे कोड मिळाले.

क्लाउडवर नोंदींची प्रत ठेवणारी ॲपही आहेत. ती सोय घ्यायची असेल तर ती प्रत केवळ आपल्यालाच उघडता येईल अशा एन्क्रिप्शनने बंद केलेली आहे का, हे आधी पाहावे. गुगल ऑथेंटिकेटरने एप्रिल २०२३ मध्ये ही सोय आणली तेव्हा तिला असे एन्क्रिप्शन नव्हते. त्याच वर्षी रीटूल या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचे गुगल खाते हल्लेखोरांच्या हाती गेले आणि त्यासोबत त्यात साठलेले कोडही गेले. ऑथी हे ॲप नोंदणीसाठी फोन नंबर मागते आणि २०२४ मध्ये त्याच्या सुमारे ३ कोटी ३० लाख वापरकर्त्यांचे नंबर बाहेर पडले. नंबर न मागणारी आणि प्रत स्वतःच्या फाइलमध्ये काढू देणारी ॲप उपलब्ध असताना मी ती पसंत करीन.

काही सेवा कोडऐवजी फोनवर ‘हे तुम्हीच आहात का’ असा प्रश्न पाठवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरशी संबंधित एका कंत्राटी कर्मचाऱ्याला अशा विनंत्या इतक्या वेळा पाठवण्यात आल्या की शेवटी त्याने एक मान्य केली. पडद्यावरचा आकडा जुळवून घालायला लावणारा प्रकार त्यापेक्षा बरा.

सिक्युरिटी की

ही पेन ड्राइव्हसारखी छोटी वस्तू संगणकाला जोडायची किंवा फोनच्या पाठीला टेकवायची असते. तिच्यातील गुप्त किल्ली कधीच बाहेर येत नाही. संकेतस्थळ दर वेळी जे नवे आव्हान, म्हणजे सही करण्यासाठीचा मजकूर, पाठवते त्यावर ती आतल्या आत डिजिटल सही करून देते. महत्त्वाचे हे की ही सही संकेतस्थळाच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असलेले बनावट पान समोर आले तर माणूस फसला तरी ही वस्तू फसत नाही. २०२२ मध्ये ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन्ही कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना जवळपास एकसारखे फसवे एसएमएस आले. ट्विलिओमध्ये हल्लेखोर आत शिरले. क्लाउडफ्लेअरच्या तीन कर्मचाऱ्यांनी आपले पासवर्ड बनावट पानावर टाकले होते, तरीही तेथे सर्वांना सिक्युरिटी की सक्तीची असल्याने हल्लेखोरांना पुढे जाता आले नाही. पर्यायांमधील फरक इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

अडचणी दोन आहेत. वस्तू विकत घ्यावी लागते आणि ती एक घेऊन भागत नाही, कारण एकुलती एक हरवली की मालकच बाहेर राहतो. दोन घ्याव्यात, दोन्ही प्रत्येक खात्याला जोडाव्यात आणि दुसरी वेगळ्या जागी ठेवावी. शिवाय बऱ्याच सेवा हा पर्याय देतच नाहीत. २०२४ मध्ये युबिकी ५ या सिक्युरिटी कीच्या मालिकेच्या जुन्या आवृत्त्यांत एक त्रुटी सापडली, पण तिचा फायदा घेण्यासाठी की हातात घेऊन, उघडून, महागड्या उपकरणांनी तपासावी लागत होती. घरगुती वापर करणाऱ्याने त्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. पत्रकार, कार्यकर्ते, संस्थेचे हिशेब किंवा सर्व्हर सांभाळणारे लोक यांनी मात्र हा खर्च टाळू नये.

पासकी

पासकी ही त्याच तत्त्वावर चालते, फक्त किल्ली वेगळ्या वस्तूत न राहता फोनमध्ये किंवा संगणकात राहते. ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२ मध्ये तिला एकत्रित पाठिंबा जाहीर केला आणि त्यानंतर ती सर्वसामान्य वापरात आली. बनावट पानाविरुद्ध ती सिक्युरिटी कीइतकीच ठाम आहे आणि पासवर्ड टाइप करण्याचे कामही उरत नाही. बोटाचा ठसा संकेतस्थळाकडे जातो अशी भीती अनेकांना वाटते, पण ठसा किंवा चेहरा फोनच्या आतच तपासला जातो आणि संकेतस्थळाला केवळ सही मिळते.

तिचे दुबळे ठिकाण वेगळे आहे. बोट न लागल्यास फोन पिन मागतो, म्हणजे पिन ज्याला माहीत आहे त्याला सहसा पासकीही वापरता येते. एकच फोन अनेकांच्या हातात फिरत असेल, किंवा जवळच्याच व्यक्तीपासून खाते सुरक्षित ठेवायचे असेल, तर पासकी तुम्हाला हवे ते संरक्षण देणार नाही. तेथे वेगळ्या जागी ठेवलेली सिक्युरिटी की किंवा स्वतःचे कुलूप असलेले ऑथेंटिकेटर ॲप उपयोगी पडते. तसेच पासकी बहुधा ॲपल किंवा गुगलच्या खात्यामार्फत आपल्या इतर उपकरणांवर पोहोचते. फोन गेला तरी ती टिकते हा तिचा मोठा फायदा आहे, पण तेच मुख्य खाते बंद पडले तर सगळ्याच किल्ल्या अडकतात. दुसऱ्याच्या किंवा सामायिक संगणकावर पासकी कधीही साठवू नये. तेथे क्यूआर कोड दाखवून आपल्या फोनवरून प्रवेश करता येतो, फक्त दोन्हीकडे ब्लूटूथ चालू असावे लागते.

निवड करताना

ईमेलचे खाते सर्वांत आधी घ्यावे, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तेथूनच बदलता येतात. त्याला पासकी लावावी आणि जमल्यास जोडीला एक सिक्युरिटी की. जेथे या दोन्ही नाहीत तेथे ऑथेंटिकेटर ॲप, आणि जेथे एसएमएसखेरीज काहीच दिलेले नाही तेथे एसएमएस, पण तो बंद ठेवू नये. अशा वेळी निदान सिमला पिन लावावा आणि कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणे बंद करावे. स्मार्टफोन न वापरणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांसाठी एसएमएस हाच योग्य पर्याय राहू शकतो. त्यांच्यावर ॲप लादून त्यांना स्वतःच्या खात्याबाहेर काढणे हे संरक्षण नव्हे.

वरचे काहीही निवडले तरी खाते परत मिळवण्याच्या वाटा एकदा उघडून पाहाव्यात. पासकी लावलेली आहे आणि ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यामागे मात्र एसएमएस कोडच उभा आहे, अशी स्थिती अनेक खात्यांत असते, आणि चोर त्याच वाटेने येतो. शक्य असेल तेथे तो नंबर काढून टाकावा आणि त्याऐवजी बॅकअप कोड, म्हणजे अडचणीच्या वेळेसाठी सेवा आधीच देऊन ठेवते ते कोड, घ्यावेत. ते कोड त्याच ईमेलमध्ये ठेवू नयेत; छापून महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत, आणि वापरलेल्या कोडवर रेघ मारावी, कारण प्रत्येक कोड एकदाच चालतो. जुना फोन विकण्यापूर्वी किंवा फॅक्टरी रीसेट करण्यापूर्वी नव्या फोनवरून प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात एकदा प्रत्यक्ष प्रवेश करून पाहावा, आणि तो झाल्यावरच जुना फोन पुसावा.