पुण्याच्या नारायण पेठेतला नदीकाठचा फ्लॅट : उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

परवा बाल्कनीच्या डासांच्या जाळीची दोरी परत तुटली. त्या तिरमिरीत हे लिहितोय, तेव्हा सूर चढा लागला तर सांभाळून घ्या.

फ्लॅट रिसेलचा. इमारत नव्वदच्या दशकातली, तिसरा मजला, लिफ्ट आहे, चारचाकी पार्किंगच्या नावानं बोंब. पेठेतले भाव सगळ्यांना पाठ आहेत, त्यात शिरत नाही. वाकडचा ऐसपैस टू बीएचके विकून त्याहून लहान जागेत आलो म्हणून अर्धे नातेवाईक अजून कपाळाला हात लावतात. स्टॅम्प ड्युटी, सेस वगैरे मिळून ७ टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६. एजंटनं न विचारता सांगितलेली कामाची गोष्ट एवढीच.

विचारल्यावर मात्र तो ‘रिव्हर व्ह्यू’बद्दल भरभरून बोलला. नदीसुधार होणार, ४४ किलोमीटरचा काठ चकाचक होणार, मग भाव बघा! त्या व्ह्यूपायी रस्त्याकडच्या फ्लॅटपेक्षा चार लाख जास्त मोजले. आता त्या व्ह्यूची गोष्ट.

फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचला नदीकडची खिडकी बंद करावी लागते. साडेपाचच्या ठोक्याला. पाच मिनिटं उशीर झाला की रात्रभर डासांमागे रॅकेट घेऊन टाळ्या. पाणी खडकवासला धरणात अडवलेलं. पावसाळा सोडला तर शहरातून मुठेत वाहतं ते मुख्यतः सांडपाणी. ते साचतं, त्यावर जलपर्णीची गादी पसरते आणि तिच्याखाली क्युलेक्स डासांचा पाळणा कायम हलता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक काका दरवेळी सांगतात की डेंग्यूचा डास वेगळा, तो स्वच्छ पाण्यात होतो. बरोबर आहे काका, पण चावतो तो चावतोच ना? मुळा-मुठेसाठी जपानी कर्जातून ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची योजना आहे, करार २०१६ चा. ती पूर्ण होईपर्यंत आमचा भरवसा जाळीवर.

तर जाळी. साधी वेल्क्रोची लावली असती तर काम भागलं असतं. पण बाल्कनीचं दार मोठं, आणि दुकानदारानं प्लीटेड जाळी दाखवली. पडद्यासारख्या घड्या पडतात, एका बोटानं सरकते, दिसायला झकास. पैसे वेल्क्रोच्या कितीतरी पट. आतली गोम अशी की या घड्यांमधून आडव्या दोऱ्या जातात आणि जाळीचा सगळा ताण त्यांच्यावर असतो. खालच्या चॅनेलमध्ये पेठेतली धूळ बसते, कोपऱ्यावर दोरी घासते आणि एक दिवस टुक् करून तुटते. एक तुटली की जाळी एका अंगाला कलते आणि खालच्या कोपऱ्यात बोटभर फट पडते. डासाला बोटभर म्हणजे हमरस्ताच.

दुकानदार म्हणतो, वॉरंटी ‘फ्रेमची’. फ्रेम काय डास अडवते? पहिल्यांदा दोरी बदलायला माणूस पाठवला आणि व्हिजिट चार्ज लावला. दुसऱ्यांदा म्हणाला, पूर्ण जाळीच बदलून घ्या, डिस्काउंट देतो. बिलावर बारीक अक्षरात कुठेही ‘दोरी वगळून’ असं छापलेलं नाही. ते बिल जपून ठेवलंय, ग्राहक आयोगाचा अर्जही उतरवून घेतलाय. रकमेपेक्षा तत्त्वाचा प्रश्न आहे. (रकमेचाही आहे.)

इथवर वाचून वाटेल की माणूस पस्तावलाय. तसं नाही. घरातनं खाली उतरलं की जी मजा आहे ती वाकडला दहा वर्षांत मिळाली नाही. भाजी मंडईतून, चालत. मुलीची पुस्तकं आप्पा बळवंत चौकातून, चालत. आईचे गुडघे दुखतात, तरी रोज संध्याकाळी ती एकटी पत्र्या मारुतीला जाऊन येते. वाकडला तिला देवळात न्यायचं म्हणजे माझी मीटिंग संपायची वाट बघावी लागायची. आता तिला माझी गरज नाही आणि ते ती बोलून दाखवते. माझं ऑफिस पुणे स्टेशनपाशी. नदी ओलांडली की डेक्कनचं मेट्रो स्टेशन, तिथून थेट गाडी. गाडी ठेवायला जागा नव्हती म्हणून चारचाकी विकली. त्यावरचा विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग असा सगळा हिशेब मांडला तर चार लाखांची जखम बरीच भरून येते.

फक्त ‘चालण्याजोगं’ म्हणजे फुटपाथ चांगले असा अर्थ कुणी काढू नये. फुटपाथावर दुचाक्या, आपण रस्त्यावर, मागून हॉर्न. सगळं जवळ आहे म्हणून चालायचं, सुखाचं आहे म्हणून नव्हे. त्यात २०२५ मध्ये मेट्रोच्या पादचारी पुलाच्या कामासाठी भिडे पूल बंद ठेवला तेव्हा झेड ब्रिजचा वळसा बसला. आणि गणपतीत विसर्जनाच्या दिवशी केळकर रोड ओलांडणं विसरा, दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा. कानात कापूस घालायची तयारी नसेल त्यांनी पेठेकडे फिरकू नये. मला ढोल आवडतात, म्हणून मार्क कापत नाही.

आता मत बदललं ते जुलैत. खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला आणि दोन दिवसांत जलपर्णी, अळ्या, वास, सगळं वाहून गेलं. संध्याकाळी सातला खिडकी सताड उघडी, समोर दोन्ही काठ भरून लाल पाणी. तेव्हा कळलं की चार लाख कशाचे. तेव्हापासून सकाळी उठल्या उठल्या विसर्गाचा क्युसेकचा (सेकंदाला किती घनफूट पाणी) आकडा बघतो. साधारण १८-२० हजारांच्या पुढे भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातल्या गाड्या हलवा म्हणून भोंगा फिरतो, आणि झेड ब्रिजवर बघ्यांची गर्दी होते. आमच्या घरात मात्र आनंदीआनंद, कारण विसर्ग वाढला की डास कमी. हे शेजारच्या आजोबांना बोललो तर ते हसले नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ते शाळेत होते. त्यांच्या वाड्याचा पहिला मजला पूर्ण बुडाला होता. त्यानंतर मी हा विनोद त्यांच्यासमोर करत नाही.

पण त्यांच्यामुळेच पूररेषेचा नकाशा नीट पाहिला. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नव्या बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी. आमची इमारत मधल्या पट्ट्यात. तिसऱ्या मजल्यावर पाणी येईल ही भीती नाही. प्रश्न रिडेव्हलपमेंटचा आहे. जुनी इमारत, पेठेतला भाव, म्हणून बिल्डर येतात, चहा पितात, आणि जोतं लाल रेषेच्या वर उचलायचा विषय निघाला की गणितं बदलतात. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरल्यापासून तर हा प्रश्न बिल्डरच आधी काढतात. तेव्हा ‘पाच वर्षांत नवी बिल्डिंग’ हे एजंटचं वाक्य भावात धरू नका. घासाघीस करताना तो नकाशा मोबाइलवर उघडून समोर ठेवा, आकडा खाली येतो.

घर बघायला जायचं तर मार्चमध्ये, संध्याकाळी सहाला. एजंट सकाळी अकराची वेळ देईल. नाही म्हणा. नदीकडची खिडकी उघडायला लावून अर्धा तास गप्पा मारत बसा आणि तो स्वतःच्या पिंढऱ्या किती वेळा खाजवतो ते बघा. व्यवहार झालाच तर स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज पुराव्यासकट भरायला विसरू नका, मिळकतकरात ४० टक्के सवलत त्यावर ठरते. भाड्यानं देणार असाल तर ती नाही.