ब्लॅकमॅजिक कॅमेरा ॲप: मोबाईलवर शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी टाकून बघाच

शॉर्टफिल्म करायची ठरली की आमच्याकडे आधी कोणता फोन घ्यायचा यावर चर्चा, आणि अख्खी संध्याकाळ त्यातच जाते. माझं म्हणणं, फोनचं नंतर बघू, आधी ॲपचं बोला. कारण फोनचा स्वतःचा कॅमेरा बारशाला, सहलीला एकदम भारी, पण फिल्मला डोक्याला ताप, सगळं तोच ठरवतो. पिवळी साडी नेसलेली बाई फ्रेममध्ये आली की मागची पांढरी भिंत हळूच निळसर व्हायला लागते, ती बाहेर गेली की परत होती तशी, आणि हे सगळं चालू शॉटमध्ये. खिडकीसमोरून कुणी गेलं की उजेड खालीवर. मग एडिटला बसलेला माणूस शिव्या घालतो आणि त्याचंही काही चुकत नाही.

तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा. मेलबर्नची ब्लॅकमॅजिक डिझाईन, म्हणजे आपले दा विंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर बनवणारे, त्यांनी सप्टेंबर 2023 मध्ये आयफोनसाठी काढलं आणि जून 2024 मध्ये अँड्रॉइडवर आणलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, व्हिडिओवर वॉटरमार्क नाही. याआधी या कामाला फिल्मिक प्रो नावाचं ॲप चालायचं, दिग्दर्शक शॉन बेकरने 2015 ची 'टँजरीन' आयफोन 5एसवर त्याच ॲपने काढली होती, त्यामुळे नाव मोठं. पण 2022 मध्ये ते एकदाच पैसे भरायची पद्धत सोडून सबस्क्रिप्शनवर गेलं, आणि वर्षाकाठी एखादी फिल्म करणाऱ्या पोरांनी सारखे पैसे कशाला भरायचे.

स्क्रीनवर लेन्स, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून), टिंट (हिरवट-गुलाबी छटा) सगळं एका ओळीत समोर असतं, ज्यावर बोट ठेवाल त्याचा स्लायडर उघडतो, एकदा लॉक केलं की फोन परत नाक खुपसत नाही. मला विचाराल तर या लॉकसाठीच ॲप घ्यावं. बाकी फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवतं), झेब्रा (जास्त उजळलेल्या भागावर पट्टे), हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख), सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीच्या फ्रेम गाइड, लट म्हणजे रंगांचा तयार साचा लावून बघायची सोय, हे सगळं आहे, लागेल तसं लागेल.

आता एक गोष्ट जरा नीट सांगतो कारण इथे सगळे फसतात. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून लोक डोळे झाकून 24 एफपीएस आणि 180 डिग्री शटर (म्हणजे फ्रेमच्या अर्ध्या वेळेपुरतं उघडं) लावतात. तिकडे वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50 ची. आपल्या ट्यूबलाइटचा आणि स्वस्तातल्या एलईडीचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला बरोबर कळतं. 24 ला 180 डिग्री म्हणजे 1/48 सेकंद, 30 ला 1/60, दोन्हीचा 50 शी मेळ नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या सीनमध्ये भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात, सासूबाईंच्या चेहऱ्यावरसुद्धा. सरळ 25 एफपीएस ठेवा, 180 डिग्रीला शटर 1/50 येतं, पट्टे गायब. 24 चाच हट्ट असेल तर शटर 172.8 डिग्री करा, तेही 1/50 च होतं. सेटिंगमध्ये फ्लिकरसाठी विजेची फ्रीक्वेन्सी निवडता येते, ती 50 वर आहे ना एवढं बघून घ्या.

घरात जमलं म्हणून दुपारी शेतात गेलात की वेगळंच. फोनच्या लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, बहुतेक कमीजास्त होत नाही, आयएसओ एका हद्दीखाली जात नाही आणि शटर आपण 1/50 ला बांधलेलं, म्हणजे आभाळ पांढरंफेक. एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लावल्याशिवाय गत्यंतर नाही, ॲप फुकट असलं तरी हा खर्च धरून चाला. नसेल तर सकाळी लवकर नाहीतर उन्हं कलल्यावर शूट करा, तसंही एप्रिलच्या दुपारी कोण उभं राहतंय.

स्टोरेजचं पण बघा. आयफोनच्या प्रो मॉडेलवर प्रोरेस हा एडिटसाठी चांगला पण जड व्हिडिओ फॉरमॅट मिळतो, पण 4के मध्ये मिनिटाला साधारण 6 जीबी खातो, एचडीत 1.7. पंधरा प्रोपासून बाहेरची एसएसडी जोडता येते, ती असेल तर मजा करा, नाहीतर गपगुमान एच 265 हा लहान फाइलवाला फॉरमॅट वापरा, बघणाऱ्याला काही फरक कळत नाही.

अँड्रॉइडवाल्यांनी जरा बेतानेच. सुरुवातीला फक्त सॅमसंग एस21 पासूनचे आणि पिक्सेल 6 पासूनचे फोन चालायचे, नंतर वनप्लस, शाओमीचे काही आले, पण स्वस्तातले बरेच फोन अजून बाहेरच. आणि चाललं तरी फोनच्या पाठीवर दिसणाऱ्या सगळ्या लेन्स ॲपला मिळतील असं नाही, फोन बनवणारी कंपनी जेवढ्या उघड्या ठेवते तेवढ्याच मिळतात. शूटच्या आदल्या दिवशी तपासा, सकाळी सगळे मेकअप करून बसल्यावर नको.

आवाजाचे मीटर स्क्रीनवरच दिसतात, लेव्हल हाताने लावता येते, हे फार बरं आहे. पण मीटर हलतोय म्हणजे आवाज चांगला येतोय असं नाही, मागे मिक्सर चालू असला तरी तो हलतो. ॲपवर वाचलेले पैसे गिंबलमध्ये, म्हणजे फोन स्थिर धरणाऱ्या दांड्यात, घालू नका, कॉलर माइक घ्या आणि हेडफोन लावून ऐका. हलणारं चित्र लोक चालवून घेतात हो, संवाद ऐकू आला नाही की उठून जातात.

रील टाकायचे असतील तर याच्या वाट्याला जाऊ नका, प्रत्येक शॉटला चार गोष्टी लावत बसायचा वैताग येईल. ज्यांना एकाच सीनचे पाच शॉट एकसारख्या रंगात हवेत त्यांच्यासाठी हे आहे, मी पाचपैकी साडेचार देतो, अर्धा अँड्रॉइडच्या भानगडीमुळे कापला. आणि रेकॉर्डिंगच्या आधी एरोप्लेन मोड टाका, मावशीचा फोन नेमका चांगल्या टेकलाच येतो.